थोडक्यात मावणारे आणि न मावणारे: माहितीच्या व चित्रांच्या संक्षेपाविषयी



हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे पाठवावीत असे आवाहन शाळेने केले, तेव्हा ती दोन वाटांनी आली. काही माजी विद्यार्थ्यांनी मूळ छायाचित्रच टपालाने पाठविले. ती पुठ्ठ्यावर चिकटविलेली, कडा पिवळ्या पडलेल्या आणि मागे शाईने रांगवार नावे लिहिलेली होती. बहुतेकांनी मात्र तेच छायाचित्र मोबाईलवर टिपून व्हॉट्सॲपने पाठविले. ते आधी वर्गाच्या गटात फिरले, तेथून भावंडांच्या गटात गेले, कोणीतरी त्यावर फुलांची चौकट चढविली आणि मग ते शाळेत पोहोचले. मोबाईलच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. छापखान्यात मात्र फरक उघडा पडला. दहावीच्या एका तुकडीच्या समूह-छायाचित्रात तिसऱ्या रांगेतील मुलींच्या चेहऱ्यांच्या जागी करड्या रंगाचे चौकोनी डाग उरले होते. पहिल्या रांगेतील शिक्षक ओळखू येत होते. मागील रांगांतील कोणीही ओळखू येत नव्हते.

हे चेहरे कोठे गेले, हा आजच्या विषयाचा प्रश्न आहे. ते कोणी मुद्दाम पुसले नाहीत. चित्र लहान करून पाठविणाऱ्या यंत्राने, आपले काम नेमाने करीत असताना, ते गाळले. संगणकाच्या परिभाषेत या कामाला कॉम्प्रेशन म्हणतात. मराठीत त्यासाठी संपीडन हा शब्द पाठ्यपुस्तकी वळणाने आला आहे. येथे संक्षेप हा घरातला शब्द वापरणे अधिक सोयीचे ठरेल, कारण मराठी माणसाला संक्षेपाची सवय संगणकापेक्षा फार जुनी आहे.

जुन्या पत्रांचा मायना पाहावा. ‘ती. स्व.’ म्हणजे तीर्थस्वरूप, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. चार अक्षरांत चार शब्द मावले, कागद वाचला, शाई वाचली. वाचणाऱ्याला अडचण आली नाही, कारण लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या मनात एकच कोश होता. हा कोश पत्रासोबत पाठवावा लागत नाही, तो आधीपासून दोन्ही टोकांना असतो. परंतु तो एका टोकाला हरवला की संक्षेप निरुपयोगी होतो. मराठी मुलखाबाहेर वाढलेल्या आजच्या मुलाच्या हाती पणजोबांचे कार्ड दिले, तर ‘सा. न. वि. वि.’ ही त्याला चार सुटी अक्षरे दिसतात. पत्र शाबूत आहे, पण ते उलगडण्याची किल्ली घरात राहिलेली नाही. संगणकातही नेमके असेच घडते. फाईल असते, परंतु ती उघडणारा प्रोग्राम नसतो.

पाणिनीने ही युक्ती शास्त्राच्या पातळीवर नेली. चौदा माहेश्वर सूत्रांत त्याने संस्कृतचे वर्ण अशा क्रमाने मांडले की पहिला वर्ण आणि अखेरची खूण एवढेच उच्चारले असता मधला सारा समूह सांगून होतो. ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सर्व व्यंजने आली. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण मावले ते अशा बचतीमुळे. मूळ क्रम पाठ असेल त्यालाच ही बचत लाभते, ही अट येथेही आहेच.

तारखात्याचे उदाहरण या सभागृहातील ज्येष्ठांना आठवेल. तारेचा आकार शब्दांवर ठरे, म्हणून माणसे क्रियापदे गाळीत, विभक्तिप्रत्यय गाळीत. दिवाळीच्या किंवा विवाहाच्या शुभेच्छांसाठी तर ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले होते. पाठविणाऱ्याने क्रमांक निवडावा, तारेवरून केवळ तो आकडा जावा, आणि पलीकडच्या कचेरीत त्या आकड्याचे पूर्ण वाक्य करून ते घरपोच व्हावे. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. परंतु आकडा पाठवून वाक्य मिळविण्याची ही रीत आज प्रत्येक मोबाईलच्या पोटात चालू आहे.

तारेची लिपी हा त्याहून सूक्ष्म धडा होता. मोर्सच्या लिपीत इंग्रजी ‘ई’ या अक्षराला केवळ एक टिंब आहे आणि क्वचित येणाऱ्या ‘क्यू’ला चार खुणा आहेत. जे वारंवार येते त्याला आखूड खूण द्यावी आणि जे विरळा येते त्याला लांब द्यावी, इतके साधे हे तत्त्व. एकोणिसाव्या शतकात ते अनुभवाने सुचले, त्याचे गणित मात्र होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील क्लॉड शॅनन यांनी संदेशवहनाच्या गणिती सिद्धांतावरचा निबंध प्रसिद्ध केला आणि कोणताही संदेश किती लहान होऊ शकतो याची मर्यादा सूत्रात बांधून दाखविली.

शॅनन यांचे म्हणणे शाळेच्या हजेरीपटावरून समजते. समजा, हजेरीत चारच प्रकारच्या नोंदी आहेत: हजर, गैरहजर, रजा आणि उशिरा. संगणक सारे काही शून्य आणि एक या दोन अंकांत लिहितो आणि अशा एका अंकाला बिट म्हणतात. चार नोंदींना प्रत्येकी दोन बिट दिले, तर शंभर नोंदींना दोनशे बिट लागतील. आता त्या शंभरांत ८० हजर, १० गैरहजर, ६ रजा आणि ४ उशिरा असे प्रमाण असेल, तर ‘हजर’ला फक्त ०, ‘गैरहजर’ला १०, ‘रजा’ला ११० आणि ‘उशिरा’ला १११ अशा खुणा द्याव्यात. मग ८० नोंदींना ८० बिट, दहांना २०, सहांना १८ आणि चारांना १२, असे एकूण १३० बिट पुरतात. एकही नोंद हरवली नाही. ००१०११० अशी सलग ओळ हाती आली, तरी ती एकाच रीतीने वाचता येते: हजर, हजर, गैरहजर, रजा. मध्ये स्वल्पविराम लागत नाही, कारण कोणतीही खूण दुसऱ्या खुणेची सुरुवात नाही.

शॅनन यांच्या सूत्राने या हजेरीपटाची मर्यादा सुमारे १०२ बिट येते. दोन-दोन, तीन-तीन नोंदी एकत्र धरून खुणा दिल्या, तर १३० वरून तिच्याजवळ सरकता येते. सरासरी तिच्याखाली मात्र जाता येत नाही. आणि चारही नोंदी समप्रमाणात, पंचवीस-पंचवीस असत्या, तर दोनशेतील एकही बिट वाचला नसता. याचा अर्थ मोठा मौजेचा आहे. ज्या वर्गात मुले नेमाने येतात त्याचा हजेरीपट थोडक्यात मावतो. अपेक्षित गोष्टीला जागा लागत नाही, जागा लागते ती अनपेक्षिताला. संदेशातील आश्चर्याचे मोजमाप म्हणजेच त्यातील माहितीचे मोजमाप, हे शॅनन यांचे प्रतिपादन होते.

अशा खुणा सर्वांत काटकसरीने कशा ठरवाव्यात, हा प्रश्न शॅनन आणि एमआयटीतील प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनीही पूर्ण सोडविला नव्हता. १९५१ साली फॅनो यांनी आपल्या विद्यार्थ्यांना मुभा दिली: अखेरची परीक्षा द्यावी किंवा एका प्रश्नावर निबंध लिहावा. डेव्हिड हफमन या विद्यार्थ्याने परीक्षा टाळण्यासाठी निबंध घेतला. अनेक आठवडे खटपट करून काही जमेना, तेव्हा तो टिपणे टाकून देऊन परीक्षेच्या अभ्यासाला लागणार होता, आणि त्याच वेळी त्याला उत्तर सुचले. खुणा वरून खाली वाटीत यायचे नाही, सर्वांत विरळ अशा दोन नोंदींपासून आरंभ करून खालून वर जोडीत जायचे. वर हजेरीपटासाठी हेच केले आहे: प्रथम ‘रजा’ आणि ‘उशिरा’ यांची जोडी, मग तीत ‘गैरहजर’, शेवटी ‘हजर’. हा प्रश्न आजवर अनुत्तरित आहे, हे गुरूंनी विद्यार्थ्यांना सांगितले नव्हते. सांगितले असते तर हफमनने तो हाती घेतला असता की नाही, हा शिक्षकांच्या खोलीत चर्चेला घेण्याजोगा विषय आहे. त्यांचा निबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यांची रीत आजही जवळजवळ प्रत्येक छायाचित्राच्या फाईलीत वापरली जाते.

दुसरी वाट पुनरुक्तीची. आरत्यांच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात आणि पुढील प्रत्येक कडव्याखाली ‘॥ धृ. ॥’ एवढीच खूण करतात. गाणारा मागे जातो, ओळ उचलतो आणि पुढे येतो. इस्रायलमधील याकोब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल यांनी १९७७ आणि १९७८ मधील आपल्या निबंधांत हीच कल्पना संगणकासाठी मांडली: मजकूर वाचीत जावे, आधी आलेला तुकडा पुन्हा आला की तो पुन्हा न लिहिता ‘इतकी अक्षरे मागे जा, तेथून इतकी घे’ असे लिहावे. येथे कोश आधीपासून ठरलेला नसतो. वाचता वाचता दोन्ही टोकांना तो आपोआप एकसारखा तयार होतो. झिप फाईली या कुळातल्या आहेत.

देवनागरीच्या दृष्टीने येथे एक बारकावा आहे, आणि मराठी शाळेच्या सभेत तो सांगितलाच पाहिजे. संगणकावरील प्रचलित युनिकोड पद्धतीत, यूटीएफ-आठ या लेखनप्रकारात, इंग्रजी अक्षराला एक बाइट म्हणजे आठ बिट लागतात, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे आहेत. त्यांना बारा बाइट लागतात, तर त्याच अर्थाच्या सहा अक्षरी इंग्रजी शब्दाला सहा पुरतात. मोबाईलच्या साध्या लघुसंदेशातही इंग्रजीला १६० अक्षरांची मुभा आणि देवनागरीला ७० चिन्हांची. ही गैरसोय खरी आहे. परंतु त्या तीन बाइटांतील पहिला नेहमी तोच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक, त्यामुळे त्यांत आश्चर्य जवळजवळ नसते. म्हणून मराठी मजकुराची मोठी फाईल झिप केली की हा वाढीव बोजा बराचसा उतरतो. लिपी जड आहे असे जे म्हटले जाते, तो जडपणा पुष्कळसा लेखनप्रकाराचा आहे.

येथवर जे सांगितले त्याला हानिरहित संक्षेप म्हणतात. घडी घातलेले वस्त्र उलगडावे तसे मूळ जसेच्या तसे परत मिळते. मग साऱ्याच फाईली अशा लहान करीत जावे, आणि लहान झालेली पुन्हा लहान करावी, असे का होऊ नये? गणित आडवे येते. तीन बिटांचे वेगवेगळे संदेश आठ असतात. त्यांहून आखूड संदेश मोजावेत: दोन बिटांचे चार, एका बिटाचे दोन आणि कोरा एक, मिळून सात. आठ वस्तू सात पेट्यांत एकेक करून बसत नाहीत. म्हणून प्रत्येक फाईल लहान करणारी हानिरहित युक्ती असूच शकत नाही. कोणी तसे विकावयास आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. झिप केलेली फाईल पुन्हा झिप करून पाहिली, तर ती बहुधा रेसभर वाढलेलीच आढळते.

छायाचित्रांना मात्र एवढी बचत पुरेना. चित्र हे मुळात फार जड प्रकरण आहे. साधारण साठ वर्षांपूर्वी, जुलै १९६५ मध्ये, मरिनर ४ या अमेरिकी यानाने मंगळाची जवळून छायाचित्रे घेतली. प्रत्येक चित्र उभे-आडवे दोनशे बिंदूंचे, म्हणजे चाळीस हजार बिंदूंचे, आणि प्रत्येक बिंदूला सहा बिट, म्हणजे एकूण २,४०,००० बिट. यानाचा वेग सेकंदाला सव्वाआठ बिटांच्या किंचित वर, त्यामुळे एका चित्राला आठ तास लागत. पृथ्वीवरील अभियंत्यांना इतका धीर धरवेना. आलेले आकडे कागदी पट्ट्यांवर छापून त्यांनी त्या भिंतीशी टाचल्या आणि रंगीत खडूंनी आकड्यांप्रमाणे रंग भरून मंगळाचे पहिले चित्र हाताने रंगविले. आजच्या मोबाईलमधील चार हजार बाय तीन हजार बिंदूंचे, म्हणजे सव्वा कोटीला थोडे कमी बिंदूंचे, रंगीत चित्र त्याच वेगाने पाठवायचे झाले, तर ते पोहोचायला बरोबर ४०० दिवस लागतील.

असे चित्र मुळात ३ कोटी ६० लाख बाइटांचे असते. मोबाईलमध्ये ते त्याच्या लहानशा हिश्श्यात साठविलेले दिसते. हे कसे साधते, याच्या मुळाशी तीन भारतीय नावे आहेत आणि ती आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी आढळत नाहीत. नासिर अहमद यांचा जन्म १९४० साली बंगळुरूत झाला. तेथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९७२ मध्ये त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे एका संशोधनासाठी अनुदान मागितले. कल्पना फारच साधी वाटल्याने ते नाकारले गेले. अहमद यांनी काम सोडले नाही. त्यांचे विद्यार्थी टी. नटराजन आणि टेक्सासमधील सहकारी के. आर. राव यांच्यासह त्यांनी जानेवारी १९७४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. चार पानांचा. त्यातील रूपांतराला डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म म्हणतात. आज घराघरांतील कपाटात नाही पण खिशात असलेली बहुतेक सारी छायाचित्रे या चार पानांवर उभी आहेत.

ती कल्पना अशी. चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडावेत, ठिपक्यांच्या रांगोळीसारखे. एका चौकोनात चौसष्ट आकडे येतात. हे आकडे तसेच लिहिण्याऐवजी ते चौसष्ट ठरावीक नक्ष्यांच्या मिश्रणाने सांगावेत. पहिली नक्षी सपाट, ती चौकोनाची सरासरी उजळी सांगते. पुढच्या नक्ष्या हळूहळू दाट होत जातात: मंद उतार, रुंद पट्टे, अरुंद पट्टे आणि शेवटी बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक जाळी. कोणती नक्षी किती प्रमाणात, एवढे सांगितले की चौकोन उभा राहतो. मसाल्याचे प्रमाण सांगितले की मसाला करता यावा तसा. एवढ्याने काही वाचत नाही, कारण चौसष्टांच्या बदल्यात चौसष्टच आकडे मिळाले. परंतु आकाश, भिंत, गणवेश, मैदान अशा भागांत पहिले चार-पाच आकडे मोठे येतात आणि उरलेले जवळजवळ शून्य. सारा ऐवज एका कोपऱ्यात गोळा होतो.

आता गाळण. १९८६ साली स्थापन झालेल्या तज्ज्ञ-गटाने १९९२ मध्ये जेपेग हे मानक सिद्ध केले. त्यात प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागून जवळच्या पूर्णांकावर आणतात. ४७ ला १६ ने भागले, ३ लिहिले. उलगडताना ३ गुणिले १६ म्हणजे ४८ मिळाले, एकाचा फरक पडला, तो डोळ्याला कळत नाही. बारीक नक्षीचा आकडा ७ असेल आणि भाजक ५०, तर शून्य लिहिले जाते आणि ते ७ कायमचे गेले. अशा शून्यांच्या लांबलचक रांगा ‘इतकी शून्ये’ एवढ्याने सांगता येतात, आणि उरलेल्यांना हफमनच्या खुणा मिळतात. त्याआधी आणखी एक सवलत घेतलेली असते. मानवी डोळ्याला उजेडातील फरक चटकन कळतो, रंगातील बारीक फरक तेवढा कळत नाही. म्हणून उजळी प्रत्येक बिंदूची ठेवतात आणि रंगाच्या दोन आकड्यांची एकेक जोडी चार बिंदूंत मिळून वापरतात. चार बिंदूंना बारा आकडे लागत होते, तेथे सहा उरतात. निम्मे चित्र येथेच गेले, आणि कोणाची तक्रार नाही.

हा हानियुक्त संक्षेप होय. त्याला दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाला आईने नातवाचा जावळाचा फोटो त्याच क्षणी पाहता येतो, तो या गाळणीच्या कृपेने. गाळणीचे भाजक मानवी डोळ्याच्या मर्यादा पाहून ठरविलेले आहेत; प्रश्न येतो तो जे चित्र मर्यादेच्या काठावर असते त्याचा.

समूह-छायाचित्र हे असेच काठावरचे चित्र आहे. चार रांगांत साठ विद्यार्थी, म्हणजे एका रांगेत पंधरा. पाठविताना यंत्राने चित्र आधी आखूड करून त्याची रुंदी हजार बिंदूंवर आणली असे धरले, तर एकेकाच्या वाट्याला सहासष्ट बिंदू येतात आणि चेहऱ्याला जेमतेम तीस. तीस बिंदू म्हणजे आठांचे चार चौकोनसुद्धा पुरे नाहीत. एक डोळा एका चौकोनात मावतो. त्या चौकोनात पापणी, बुबुळ, कपाळावरची टिकली हे सारे बारीक नक्षीच्या आकड्यांत असते आणि तेच आकडे शून्य होतात. उरते ती चौकोनाची सरासरी करडी छटा. असे चित्र पुढे पाठविले की ते पुन्हा लहान होते, पुन्हा भागले जाते. कोणी त्यावर चौकट चढवून पुन्हा साठविले की पुन्हा एकदा. प्रत्येक वेळी थोडेसे. फुलांची चौकट मात्र ताजी असते, ती स्वच्छ दिसते.

मुद्रणाची गरज तर आणखी मोठी. चांगल्या छपाईला इंचाला तीनशे बिंदू लागतात. आठशे बिंदू रुंदीचे चित्र त्या हिशेबाने पावणेतीन इंचांहूनही कमी जागेत छापता येते. साठ चेहरे पावणेतीन इंचांत. ज्या काळची ही छायाचित्रे आहेत, त्या काळी अनेक घरांत मुलीचे दुसरे छायाचित्रच नसे. लग्नाच्या आधीचे एकमेव छायाचित्र म्हणजे शाळेतले, आणि त्यात ती तिसऱ्या रांगेत.

याहून गंभीर प्रकरण आकड्यांचे आहे. २०१३ साली डेव्हिड क्रिझल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आले की झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर मालिकेतील यंत्रावर स्कॅन केलेल्या एका इमारतीच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळे बदललेली आहेत. मुळात एका खोलीचे क्षेत्रफळ १४.१३ चौरस मीटर, दुसरीचे १७.४२ आणि तिसरीचे २१.११ होते. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्यांवर १४.१३ असेच आले. मोठी खोली लहान खोलीएवढीच दिसत होती, म्हणून चूक पकडली गेली. यंत्राने अक्षरे वाचण्याचा प्रयत्नही केलेला नव्हता. त्याने केवळ संक्षेप केला होता. जेबिग-दोन नावाच्या त्या पद्धतीत पानावरचे छोटे ठसे एकमेकांशी ताडून पाहतात. दोन ठसे पुरेसे सारखे वाटले तर एकच साठवितात आणि दोन्ही ठिकाणी तोच वापरतात. आरतीतल्या ध्रुवपदासारखेच हे, फक्त येथे ‘जवळपास सारखे’ आले तरी तेच मानले जाते. सहाच्या जागी आठ बसला, आणि तो आठ स्वच्छ, रेखीव, निःशंक दिसत होता. कंपनीने पुढे प्रणालीत दुरुस्ती पुरविली. जर्मनीतील माहिती-सुरक्षेच्या शासकीय कार्यालयाने, मूळ कागदाची जागा घेणाऱ्या स्कॅनसाठी ही पद्धत वापरू नये असे २०१५ मध्ये ठरविले.

जेपेगच्या डागात आणि या आठात मोठे अंतर आहे. डाग स्वतःच सांगतो की येथे काही होते आणि ते गेले. चुकीचा पण रेखीव आकडा तसे काही सांगत नाही. अंधूक चेहरे ‘स्पष्ट’ करून देणारी ॲप सध्या निघाली आहेत, त्यांचीही जात हीच. गेलेले आकडे परत आणता येत नाहीत, म्हणून ते यंत्र हजारो अनोळखी चेहऱ्यांवरून एक संभवनीय चेहरा रचते. वर्गभगिनीच्या जागी पडद्यावर जी मुलगी हसते, ती कोणत्याही शाळेत कधी शिकलेली नसते. स्मरणिकेत असे एकही चित्र घेतलेले नाही. त्यापेक्षा डाग पत्करला.

शाळेच्या कपाटातील जनरल रजिस्टरांचे स्कॅनिंग करताना हाच विचार करावा लागतो. त्यांत नाव, आईचे नाव, जन्मतारीख, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक असतो. पन्नाशी ओलांडलेल्या कितीतरी माजी विद्यार्थ्यांकडे जन्माचा दुसरा दाखला नाही. पारपत्र, निवृत्तिवेतन, वारसाहक्क यांसाठी ते आजही शाळेकडे उतारा मागतात. देवनागरीत १ आणि ९, घ आणि ध, भ आणि म यांत केसाएवढे अंतर असते. हस्ताक्षरात एकच अक्षर दोनदा अगदी सारखे उमटत नाही, त्यामुळे तेथे असा गोंधळ होण्याचा संभव कमी. छापील आणि टंकलिखित पानांत तो अधिक. शिवाय पुसट शाईची रेघ ही बारीक नक्षीच असते, आणि काळे-पांढरे एवढेच दोन रंग ठेवून स्कॅन केले तर ती आधीच नाहीशी होते.

मग जागेचा हिशेब काय? फूलस्कॅप आकाराचे, साडेआठ बाय साडेतेरा इंचांचे पान इंचाला तीनशे बिंदूंनी घेतले, तर त्यात सुमारे १ कोटी ३ लाख बिंदू येतात. करड्या छटांत घेतल्यास तेवढेच बाइट. समजा, दोनशे पानांची साठ रजिस्टरे आहेत, म्हणजे बारा हजार पाने. काहीही संक्षेप न करता त्यांना सुमारे सव्वाशे गिगाबाइट लागतील, आणि हानिरहित संक्षेपाने ते आणखी कमी होतील. एवढे सारे तळहातावर मावणाऱ्या एका डिस्कवर राहते. ज्या काळी जागा महाग होती त्या काळी गाळणे भाग होते. येथे तसे काही भाग नाही. नोंदवह्यांसाठी टिफ किंवा पीएनजी, हानिरहित, दोन प्रती, दोन वेगळ्या इमारतींत; कार्यक्रमांच्या छायाचित्रांसाठी उत्तम दर्जाचे जेपेग; आणि मूळ रजिस्टरे कपाटातच, डांबरगोळ्यांसह.

ज्यांच्याकडे जुनी समूह-छायाचित्रे अद्याप आहेत त्यांनी ती शक्यतो मूळ स्वरूपातच पाठवावीत. स्कॅन करून ती टपालाने परत केली जातील. ते शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे, म्हणजे फाईल वाटेत गाळली जात नाही. आणि पुठ्ठ्याची मागची बाजूही अवश्य घ्यावी. तेथे रांगवार नावे आहेत, काही ठिकाणी नुसतेच ‘कु.’ आणि पुढे आडनावाचे आद्याक्षर. त्या आद्याक्षरांची पूर्ण नावे सांगू शकणारी माणसे आज या सभागृहात बसलेली आहेत. बाहेरच्या मेजावर कार्यालयाने पेन्सिली आणि कोऱ्या याद्या ठेवल्या आहेत.